वैजूनं पेपरात काय घातलं

"सुंदराक्काच्या वैजूनं पेपरात काहीतरी घालून दिलं म्हणं. बाईंनी जागच्या जागी धरला. आता त्याला कायमचं..."

एवढं फुलाबाई बोलली आणि गिरणीवाल्यानं पट्टा चढवला. पुढचं सगळं घरघरीत गेलं. फुलाबाईचं तोंड हलत होतं, हात हलत होते, एकदा तर तिनं कपाळावर हातही मारून घेतला. पण शब्द एक ऐकू आला नाही. माझी ज्वारी दळून होईपर्यंत ती आपलं पीठ घेऊन निघूनही गेली.

फुलाबाईचा नवरा तालुक्याच्या कॉलेजात शिपाई आहे. त्यामुळं तिची बातमी अगदीच हवेतली नसते. पण हाती अर्धीच लागली. उरलेली अर्धी रांगेतल्या बायकांनी भरून काढली. पेपरात पोरं काय घालतात? नोटा घालतात, पास करा म्हणून. आणि कायमचं काय करतात? कायमचं काढून टाकतात. माझं दळण उतरेपर्यंत वैजू नोटा घालून, पकडला जाऊन, कॉलेजातनं निघूनसुद्धा आला होता.

मला काही पटेना. माझी आणि वैजूच्या घराची भिंत एकच आहे. त्या पोराला लबाडी करायची झाली तर आधी कुणीतरी ती शिकवायला लागेल, आणि शिकवली तरी तो ती भलत्याच जागी करील. म्हणून डबा घरात टेकवला आणि तशीच पिठाच्या हातानं सुंदराक्काकडं गेले. पण तिथं काय कळलं ते सांगायच्या आधी वैजूची ओळख करून द्यायला पाहिजे, नाहीतर तुम्हीपण गिरणीतल्या बायकांसारखंच काहीतरी समजून बसाल.

तर आमच्या निमसडीत एक भोळा पोरगा होता. होता म्हणजे अजून आहे. अंगानं दांडगा, बोलायला मऊ. सांगितलेलं कधी मोडणार नाही. सगळा घोटाळा तिथंच आहे. जे सांगाल ते तो करतोच, फक्त ज्याच्यासाठी सांगितलं ते सोडून.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला तो आपटला होता आणि परत त्याच वर्गात बसला होता. सुंदराक्कानं त्याला सांगून टाकलं की या खेपेला पास झालास तर कॉलेज, नाहीतर मामाच्या वीटभट्टीवर. मामानं तर घमेलंसुद्धा बाजूला काढून ठेवलं होतं. वैजूला भट्टी नको होती. त्याला कॉलेज मनापासून आवडायचं. एवढं काय आवडतं रे, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "काकू, तिथं सगळे आपल्याला काहीतरी सांगत असतात."

सांगणाऱ्यांत मुख्य माळवदे सर. अर्थशास्त्र शिकवायचे. माणूस चांगला. वर्षाच्या सुरवातीलाच त्यांनी आपटलेली पोरं एका खोलीत बसवली आणि ध्येय कसं ठरवायचं ते सांगितलं. खूप अभ्यास करीन, हे काही ध्येय नव्हे, म्हणाले. काय करायचं, किती करायचं, कधीपर्यंत करायचं, ते आधी ठरवा. ते पक्कं झाल्याशिवाय कामाला हात लावू नका. वैजूनं मान डोलावली.

संध्याकाळी तो घरी आला, तर म्हैस दावं तोडून निघालेली. सुंदराक्का हातातली बादली सावरत ओरडली, "वैज्या, धर तिला."

वैजू जागचा हलला नाही.

"कुठपर्यंत गेली की धरू?"

"आधी धर."

"आणि किती वेळ धरायची, तेपण सांग. मग धरतो."

म्हशीला असलं काही विचारायचं नव्हतं. तिचं ध्येय पक्कं होतं. ती सरळ माझ्या मेथीच्या वाफ्यात आली, वाफा संपवला आणि आपल्या पायानं घरी गेली.

सुंदराक्कानं पोराला चांगलंच झापलं. विचारत काय बसतोस, समोर दिसलं की धरायचं, म्हणाली. वैजूनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी तो कॉलेजच्या लायब्ररीत गेला. दाराशीच एक पुस्तक दिसलं. दिसलं, धरलं. ते द्राक्षबागेची निगा कशी राखावी याचं होतं. वैजूनं ते या कव्हरापासून त्या कव्हरापर्यंत वाचून काढलं. मग चाचणी परीक्षेत प्रश्न आला की देशातल्या बेकारीची कारणं सांगा. वैजूनं भुरी, करपा आणि पहाटेचं दव अशी कारणं दिली. उपाय म्हणून फवारणी सुचवली.

माळवदे सर रागावले नाहीत. त्यांच्या भावाची द्राक्षबाग आहे. फवारणीचं प्रमाण बरोबर आहे, पण विषय चुकला, एवढंच म्हणाले. मग त्याला जवळ बसवून समजावलं की तू एवढा मोठा अभ्यासक्रम बघून गांगरतोस. त्याचे लहान लहान तुकडे कर. आज एक तुकडा, उद्या दुसरा. सगळं एकदम अंगावर घ्यायचं नाही. वैजूनं मान डोलावली.

त्याच आठवड्यात वैजूची आजी अंगणात घसरून पडली. ही सुंदराक्काची आई, तिच्याकडंच असते. डॉक्टर येऊन बघून गेले. हाड शाबूत होतं. आजी उठून चहा पीत बसली. सुंदराक्काचे हात शेणात होते, म्हणून तिनं वैजूला मावशीला फोन करायला सांगितलं. निरोप असा की आजी पडली होती, डॉक्टरांनी बघितलं, काही झालेलं नाही, काळजी करू नका.

वैजूनं फोन लावला.

"मावशी, आजी पडली."

"अगं बाई. मग?"

"मग उद्या सांगतो," वैजू म्हणाला आणि फोन ठेवला.

मावशीनं परत परत लावला. वैजूनं उचलला नाही. आजचा तुकडा झाला होता, आणि घरात फोन तेवढा एकच, तोही त्याच्याच खिशात. दिवस मावळायला मावशीचं अख्खं घर टेम्पोत बसून आलं. वळणापासूनच रडण्याचा आवाज येत होता. आजी ओसरीवर लसूण सोलत बसलेली. एवढी माणसं रडत येताना बघून तीपण रडायला लागली, आणि मला हळूच विचारते, "शालन, कोण गेलं गं?"

मावशीचं घर जेवून परत गेलं. मग सुंदराक्कानं वैजूला समोर उभा केला. जे द्यायचं ते एकदम द्यावं. आज थोडं, उद्या थोडं असं करून माणसाचा जीव टांगणीला लावू नये. वैजूनं मान डोलावली.

आता तिकडं माळवदे सरांनी त्याला महिन्याचं ध्येय दिलं होतं की या महिन्यात एकही हजेरी चुकवायची नाही. सोमवारी सरांनी त्याचं नाव पुकारलं. वैजू उभा राहिला आणि म्हणाला, "हजर, सर." खाली बसला नाही. "हजर, सर. हजर, सर. हजर, सर." वर्ग हसायला लागला. वैजू बोटांवर मोजत होता. मग त्यानं दप्तर उचललं आणि दाराकडं निघाला.

"कुठं निघालास?" सरांनी विचारलं.

"घरी. महिना झाला, सर. एकदम दिला."

एव्हाना तुमच्या ध्यानात आलंच असेल. कॉलेजात सांगितलेलं हा पोरगा घरी करायचा आणि घरी सांगितलेलं कॉलेजात. दोन्हीकडची माणसं शहाणी, दोन्हीकडचं सांगणं बरोबर. फक्त मधल्या एस्टीत कुठंतरी अदलाबदल व्हायची.

माळवदे सर मात्र खरंच थोर. त्यांनी त्याला परत खुर्चीत बसवलं. ध्येय असं उरकून टाकायचं नसतं, म्हणाले. एक धडा घ्यायचा, तो पुरा करायचा, आणि पुरा झाला की स्वतःला काहीतरी गोड द्यायचं. पण धडा संपल्याशिवाय गोडाला हात लावायचा नाही. वैजूनं मान डोलावली.

होळीला मी त्यांच्याकडं पुरणपोळ्यांचा डबा दिला. तो नेमका वैजूच्या हातात पडला. त्याचा राष्ट्रीय उत्पन्नाचा धडा अर्धाच झाला होता, म्हणून त्यानं डबा फळीवर ठेवून दिला. स्वतः खाल्ल्या नाहीत ते एक. पण आईलाही उघडू देईना आणि आजीलाही. दोघींचाही धडा झालेला नव्हता. आजीनं तर पहिलं पानसुद्धा वाचलं नव्हतं.

धडा लांबला. पोळ्या आंबल्या. शेवटी डबा म्हशीपुढं रिकामा झाला. तिला कुणी धडा विचारला नाही. पण एक सांगते, वैजूचा तो धडा पक्का झाला. त्याच्या मागचाही झाला आणि पुढचाही. भिंतीपलीकडून मला रोज ऐकू यायचं. पोरगा खरंच अभ्यासाला लागला होता. सुंदराक्का मला म्हणाली, "वयनी, या बारीला भट्टी टळतीय वाटतं." तिनं भावाला घमेलं दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितलं नाही, पण सांगावं असं तिच्या मनात होतं.

तर वैजू मला रिकामा डबा परत द्यायला आला. स्वच्छ घासलेला. सुंदराक्का माझ्याच दारात उभी होती. तिनं झाकण उघडून बघितलं आणि तिला शरमल्यासारखं झालं.

"अरे, शेजारचं भांडं रिकामं परत देतात का कधी? काहीतरी घालून द्यावं. काही नसलं तर चिमूटभर साखर घालावी."

"कशाला?" वैजूनं विचारलं.

"कशाला म्हणजे? ज्यानं दिलं त्याचा मान असतो. या घराला काही रीतभात नाही असं वाटलं नाही पाहिजे त्याला."

वैजूनं मान डोलावली. एरवी त्याची मान डोलली की काय समजलास, असं मला विचारावंसं वाटायचं. पण त्या दिवशी वाटलं नाही. बोलणं डब्याचं होतं, डब्यात काय चुकणार?

मग परीक्षा आली.

पहिला पेपर वैजूनं मन लावून लिहिला. वेळ उरला, म्हणून पानं उलटून बघितली, तर शेवटची पानं रिकामी. उत्तरपत्रिका होती कॉलेजची. त्यांनी दिलेली, त्यांनाच परत द्यायची. वैजूच्या खिशात आजीनं सकाळी दिलेली साखरेची पुडी होती. त्यानं रिकाम्या पानांत चिमूटभर साखर घातली आणि पेपर दिला. नंतर म्हणे त्या गठ्ठ्याला मुंग्या लागल्या आणि फुलाबाईच्या नवऱ्यानं पावडर मारली.

दुसऱ्या पेपरात त्यानं मूठभर शेंगदाणे घातले. ते वाटेत सांडले. तपासणाऱ्यांना वाटलं, उंदरांचं काम आहे.

तिसऱ्या पेपराला त्याला स्वतःचंच वाईट वाटलं. एवढ्या मोठ्या कॉलेजला नुसते शेंगदाणे काय द्यायचे? म्हणून त्यानं दुपारच्या डब्यातलं एक धपाटं काढलं, घडी घातली आणि शेवटच्या दोन पानांत नीट ठेवून पेपर वर्गावरच्या बाईंच्या हातात दिला. धपाटं सुंदराक्काच्या हातचं. ती तेलाला मागंपुढं बघत नाही. बाईंच्या बोटांना तेल लागलं. त्यांनी पेपर उघडला आणि वैजूला धरला.

हे सगळं मला त्या दिवशी पिठाच्या हातानं सुंदराक्काच्या घरात उभं राहून कळलं. सुंदराक्का कपाळाला हात लावून बसली होती. समितीपुढं बोलावलं होतं, पालकांना घेऊन. अजून एक पेपर राहिला होता, तो अर्थशास्त्राचा, गेल्या साली आपटला तोच. त्याला बसू देतात की नाही, तेच कळत नव्हतं. बसू दिलं नाही तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर भट्टी.

"नोटा नव्हत्या ना रे घातल्या?" मी वैजूला विचारलंच.

"नोटा कशाला, काकू? डब्यात कुणी नोटा घालतं का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कॉलेजात गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण सुंदराक्का एकटी काय बोलणार तिथं? टेबलामागं प्राचार्य, दोन साहेब आणि त्या पेपरवाल्या बाई बसल्या होत्या. मधोमध धपाटं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर कागद चिकटवून, पुरावा म्हणून ठेवलं होतं. माळवदे सर कडेला उभे होते.

कुणाला खूश करण्यासाठी हे ठेवलं, असं एका साहेबांनी विचारलं. वैजू म्हणाला, ज्यानं पेपर दिला त्याला. साहेबांनी ते लगेच लिहून घेतलं. सुंदराक्काचा चेहरा उतरला. मग मात्र मला राहवेना. मी पुढं झाले आणि होळीपासून सगळं सांगितलं. पोळ्या, म्हैस, रिकामा डबा, चिमूटभर साखर. सांगता सांगता मलाच वाटायला लागलं की हे कुणाला खरं वाटणार नाही.

पण बाईंना वाटलं. त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. आमच्याकडंही भांडं रिकामं देत नाहीत, म्हणाल्या. माळवदे सरांनी मुलगा सरळ आहे असं सांगितलं. जरा जास्तच सरळ आहे, असंही सांगितलं. साहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं. त्यात चिठ्ठ्या होत्या, फोन होता, नोटा होत्या, धपाटं नव्हतं.

शेवटी प्राचार्यांनी माफ केलं, पण लेखी घ्यायचं ठरवलं. काही पोरं पेपरात, सर, आजी आजारी आहे, पास करा, असलंही लिहितात. तेपण एकदाच बंद करू म्हणून त्यांनी शब्द सांगितले, 'यापुढे मी उत्तरपत्रिकेत उत्तराशिवाय काहीही घालणार नाही व काहीही लिहिणार नाही.' वैजूनं लिहिलं. दोनदा वाचलं. सही केली.

आणि मान डोलावली.

काय समजलास, असं मी विचारणार होते. पण तोवर सुंदराक्का सगळ्यांच्या पाया पडत होती.

अर्थशास्त्राचा पेपर देऊन वैजू हसत घरी आला. सगळं आलं, काकू, म्हणाला. काही घातलं नाहीस ना, असं मी विचारलं. नाही म्हणाला. खिसे उलटे करून दाखवले.

थोड्या दिवसांनी कॉलेजातनं परत बोलावणं आलं. दुसऱ्या वर्षाचे पेपर तिथंच तपासतात. आम्ही परत तिघं गेलो. प्राचार्य आणि त्या बाई होत्याच, आणि माळवदे सरांच्या हातात एक उत्तरपत्रिका होती. ते म्हणाले की अर्थशास्त्राच्या गठ्ठ्यात हा पेपर सगळ्यांत चांगला आहे. सुंदराक्कानं हात जोडले. सर म्हणाले, थांबा. याचं पहिलं पान कोरं आहे. नाव नाही, विषय नाही, आसन क्रमांक नाही, सही नाही. बाकी सगळ्या पोरांचे नंबर जुळले, एकट्या वैजनाथचा पेपर सापडत नाही.

"वैजनाथ, नंबर का नाही घातलास?"

"ते उत्तर नाही ना, सर. मी लिहून दिलंय."

मग सरांनी पेन पुढं केलं आणि म्हणाले, आता घाल, आमच्यासमोर घाल, म्हणजे झालं. वैजूनं दोन्ही हात पाठीमागं नेले. सुंदराक्कानं विनवलं, मग रागावली, मग परत विनवलं. नंबर नसलेला पेपर कुणाचाच धरत नाहीत, हे तिला आता कळलं होतं. प्राचार्य म्हणाले, अरे, मीच सांगतोय, लिही. वैजू म्हणाला, त्या दिवशीपण तुम्हीच सांगितलं होतं, सर.

माळवदे सर खुर्चीत बसले. ते कोरं पान पुढ्यात ओढलं. मग त्यांनी लाल पेन काढलं आणि पानाच्या वरच्या बाजूला लिहिलं, 'प्रश्न : या विद्यार्थ्याचा आसन क्रमांक काय?'

"आता हा प्रश्न आहे," सर म्हणाले. "याचं उत्तर लिही."

वैजूचा चेहरा खुलला. त्यानं पेन घेतलं, बाक ओढला, नीट बसला.

"किती मार्कांना आहे, सर?"

"सगळ्या," सर म्हणाले. आणि ते काही खोटं नव्हतं.

वैजूनं पेन टेकवलं आणि थांबला. वर आढ्याकडं बघितलं. ओठ हलवले. डोकं खाजवलं. सुंदराक्कानं माझा दंड असा धरला की बोटं उमटली.

"आठवत नाही, सर."

"अरे, हॉलतिकीट तुझ्या खिशात आहे," सर जवळजवळ रडकुंडीला आले. "काढ, बघ आणि लिही."

वैजूनं खिशावर हात दाबून धरला. प्राचार्यांकडं बघितलं, बाईंकडं बघितलं, मग सरांकडं वळला. पहिल्यांदाच त्याला सरांची लाज वाटल्यासारखं दिसलं.

"बघून लिहायचं, सर? ती कॉपी होते." त्यानं पेन खाली ठेवलं. "उद्यापर्यंत पाठ करून येतो."

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून एकच नंबर ऐकू येत होता. आजीलाही पाठ झाला, मलाही झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं तो न बघता लिहिला, आणि खाली रेघ मारली.

गिरणीत अजून मला विचारतात. मी सांगते, फुलाबाईची बातमी निम्मी खरी. वैजूनं पेपरात घातलं होतं, आणि त्याला धरलंही होतं. पण नोटा नव्हत्या. आणि काढलंबिढलं काही नाही, तिसऱ्या वर्षाला बसलाय. सर त्याला परत ध्येय ठरवायला सांगणार होते. आता म्हणतात, राहू दे.